मागच्या खोलीत सूर उतरतो

समजा, तुम्ही एका लांबट खोलीच्या दारात उभे आहात. लगेच आत पाऊल टाकू नका, आधी नुसतं नाक आत घाला. लाकडाच्या भुशाचा वास येतो, तेलाचा येतो, आणि कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं तापतंय, त्याचा तो ओशट वासही येतो. आला? आता कान द्या. कानशीचा खर्र खर्र आवाज, मग फुंकर, मग एक सूर. पुन्हा खर्र खर्र, पुन्हा सूर, मघापेक्षा केसभर वर. आता बघा. खिडकीखालच्या टेबलाशी एक बाई बसली आहे. तिच्या हातात लाकडाची उभी बासरी आहे, शिट्टीसारखं तोंड असलेली. आणि टेबलाखाली, गुडघे पोटाशी घेऊन, एक मुलगी बसली आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या बसलेल्या एका माणसावरून तिची नजर हलत नाही.

त्या मुलीच्या शेजारी बसा. अंग चोरून बसा, जागा कमी आहे. आता तिला जे दिसेल तेच तुम्हाला दिसेल, आणि तिला ज्याचा संशय येईल त्याचाच तुम्हालाही येईल. तेवढं सांभाळून असा म्हणजे झालं.

या मुलीला घरात सगळे फौजदार म्हणत. हे नाव मामाने ठेवलं होतं, कारण तिला साधं "जेवायला चल" म्हटलं तरी ती "कोण कोण आलंय? का आलंय? किती वेळ बसणार?" एवढं विचारल्याशिवाय उठत नसे. बासऱ्यांचा कारखाना आईचा. कारखाना म्हणजे काय, ही पुढची लांबट खोली आणि तिच्यामागे एक अरुंद, काळोखी खोली. आई बासऱ्या करायची, मामा त्यांची शेवटची तपासणी करायचा. आणि थंडी पडायला लागली त्या सुमारास एक कारागीर नव्याने कामावर आले होते. त्यांना फौजदार नवेकाका म्हणायची. पाठमोरे बसलेले ते हेच.

नवेकाकांच्या बोटांचे सांधे थंडीत आखडायचे, म्हणून आईने त्यांचं टेबल शेगडीजवळ लावून दिलं. त्या जागी आधी मामाचा पायाने दाबायचा भाता होता. तो उचलून मागच्या खोलीत नेला.

या भात्याचीही एक गोष्ट आहे. आईच्या कारखान्याचा नियम असा, की उष्टी बासरी घराबाहेर जायची नाही. सूर लावताना आई बासरी तोंडाने फुंकायची. पण मग ती धुऊन, पुसून, तेल देऊन वाळवली, की तिला कुणी ओठ लावायचा नाही. अगदी देवमाणूस आला तरी नाही. मग शेवटची तपासणी करायची कशी? म्हणून मामाने भाता केला. पायाने दाबला की नळीतून वारा येतो, नळी बासरीच्या तोंडाला जोडायची, की बासरी वाजते. समोर सूर मोजायचं छोटं यंत्र ठेवायचं. त्यातला काटा मधोमध राहिला तर सूर बरोबर, डावीकडे पडला तर उतरलेला, उजवीकडे गेला तर चढलेला.

आणि काटा डावीकडे पडायला लागला होता.

पहिल्यांदा मामा मागच्या खोलीतून बासरी घेऊन आला तेव्हा आई हसली होती.

"ताई, ही उतरली."

"काहीतरीच काय! काल माझ्यासमोर काटा मधोमध होता."

"मग काटा तुला घाबरत असेल. माझ्यासमोर सरळ झोपतो."

"गार असेल रे ती. गार बासरी उतरते हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेकून घे."

"शेकली! गरम पाण्याच्या पिशवीवर लोकरीत गुंडाळून ठेवली होती. हात लावून बघ, माझ्यापेक्षा जास्त लाड झालेत तिचे."

आईने हात लावला. लाकूड खरंच कोमट होतं. मग ती हसायची थांबली.

एक नाही, तेल देऊन झालेल्या सगळ्याच बासऱ्या उतरल्या होत्या. आईने मुकाट्याने त्या पुन्हा हातात घेतल्या आणि जोडापाशी घासून जराशा आखूड केल्या. बासरी आखूड झाली की सूर चढतो. भात्यावर काटा मधोमध आला, आणि बासऱ्या एका शाळेच्या गाण्याच्या बाईंकडे गेल्या. दोनच दिवसांत बाई त्या पिशवीत घालून परत घेऊन आल्या. "पोरांच्या तोंडी चढतात हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या सगळ्या. तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं."

बाई गेल्यावर आईने पिशवी टेबलावर आदळली. "इथं उतरतात, तिथं चढतात. बासरी आहे की झोपाळा?"

मामाने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. टेबलाखाली कोण बसलंय हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "ताई, नवा माणूस आल्यापासून हे चाललंय."

"तोंड आवर."

"मी आवरतो. पण त्या मोठ्या कारखान्यातून तो का सुटला, हे तू विचारलंस का त्याला?"

"विचारलं. म्हणाले, तिथं करमत नव्हतं."

"करमत नव्हतं! बघ म्हणजे. तिथं यंत्रावर ढिगाने बासऱ्या निघतात. तुझ्या हातच्या बासऱ्या बिघडल्या तर आनंद कुणाला होईल, सांग."

आई पिशवीतल्या बासऱ्या काढून टेबलावर मांडायला लागली. पण टेबलाखाली फौजदारच्या डोक्यात मामाची वाक्यं घट्ट चिकटून बसली.

त्या दिवसापासून तिने नवेकाकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. एकदा का माणसाकडे असं बघायला लागलं, की तो माणूस जे जे करतो ते ते वाकडं दिसतं. नवेकाका गप्प बसले तर तिला वाटे, काय शिजतंय कोण जाणे. ते गुणगुणले तर वाटे, एवढा आनंद कशाचा? पाणी प्यायला उठले तर ती मनात म्हणे, आत्ताच तर प्यायले होते!

"काय गं," पाठ न वळवता त्यांनी एकदा विचारलं, "माझ्या पाठीला काही चिकटलंय?"

"नाही."

"मग इतका वेळ डोळे कशाला चिकटवलेस तिथं?"

फौजदार बाहेर आली आणि त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. "तुमच्या खिशात काय आहे?"

"मेण."

"कशाला?"

"बासरीचे दोन तुकडे जोडतात ना, त्या जोडावर दोरा गुंडाळतो आपण. त्या दोऱ्याला."

"आई दोऱ्याला तेल लावते."

"मी मेण लावतो."

"का?"

"सवय."

ती टेबलाखाली परत गेली, पण तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर तिला समाधान नकोच होतं. तिला आठवलं, आईने एकदा सूर लावताना तिला शिकवलं होतं. "हे बघ, फुंकर या बारीक फटीतून जाते आणि समोरच्या धारेवर आपटते. मग ती एकदा आत, एकदा बाहेर अशी फडफडते, आणि नळीतली हवा हलायला लागते. हवेला बसलेला धक्का नळीतून पहिल्या उघड्या भोकापर्यंत पळतो आणि परत फिरतो. वाट लांब असली तर फेऱ्या कमी होतात, सूर खाली. वाट आखूड असली तर फेऱ्या जास्त, सूर वर." मग तिने एका भोकाच्या कडेला मेणाचा कण लावून दाखवला होता. भोक लहान झालं आणि सूर खाली आला होता.

मेण लावलं, की सूर खाली. आणि मेण कुणाच्या खिशात आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा लाकडाच्या वखारीत गेला होता, आई दारात कुणाशी तरी बोलत होती. नवेकाकांच्या टेबलाशी कुणी नव्हतं. फौजदार चवड्यांवर चालत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत नवेकाका तपासणीच्या बासऱ्यांच्या मांडणीपाशी उभे होते, दाराकडे पाठ करून. एक बासरी त्यांनी डोळ्यांजवळ धरली होती. दुसऱ्या हातात मेणाचा गोळा होता.

एवढंच तिने पाहिलं. बासरी, मेण आणि एक पाठ. पण आईकडे पळत जाईपर्यंत, त्या पाठीपलीकडे काय चाललं असेल हे तिच्या मनाने भरूनही टाकलं होतं.

"आई, नवेकाका मागच्या खोलीत बासरीला मेण लावतायत! भोकाला. मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"मेण लावताना पाहिलं."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. फौजदार दाराशी थांबली, पण तिला सगळं ऐकू येत होतं.

"काय करत होतात?" आईने विचारलं.

"बघत होतो, ताई."

"काय बघत होतात?"

नवेकाकांचे कान लाल झाले. "असंच."

तुम्हीच सांगा, आपल्या मालाची वाट लागलेली असताना "असंच" हे उत्तर कुणाला पटेल? त्यांनी आणखी काही सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी मिठाची गुळणी धरली. आईने ती बासरी घेतली, खिडकीपाशी नेली, एकेक भोक उजेडात धरून पाहिलं. मेण कुठेच नव्हतं. तरीही ती परत आली तेव्हा तिचा आवाज सपाट होता.

"हातातलं काम संध्याकाळपर्यंत संपवा. उद्यापासून येऊ नका."

नवेकाका "बरं" म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. कानस पुन्हा खर्र खर्र करायला लागली.

फौजदारला वाटलं होतं, चोर सापडल्यावर छान वाटेल. तसं वाटेना. आई सारखी त्या बासरीची भोकं बघत होती, पुटपुटत होती, "मेण नाही. मग लावलं कुठं?" आईची खात्री पटलेली नाही, हे फौजदारला दिसत होतं. आणि आईची खात्री पटली नाही, तर मग तिची तरी कुठे पटली होती? आपलं ते "मी पाहिलं" तिला सारखं खुपत होतं. तिला वाटलं, एक पक्का पुरावा मिळाला की ते खुपणं थांबेल. पुरावा मिळाला, की आपण जे पाहिलं नाही तेसुद्धा खरंच ठरेल.

तिने युक्ती काढली. आईने आदल्या संध्याकाळी सूर लावलेली, तेल देऊन वाळलेली एक बासरी तिने मांडणीवर जायच्या आधीच उचलली आणि स्वेटरच्या आत घातली. जेवताना तिथेच होती. नवेकाकांनी तिला बोटही लावलेलं नव्हतं, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. आता ही बासरी भात्यावर बरोबर वाजणार. मग सिद्ध होईल, की ज्या बासऱ्या नवेकाकांच्या वाटेला जात नाहीत त्या ठीक राहतात.

दुपारी मागच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने नळी जोडली, यंत्र सुरू केलं, आणि भात्यावर पाय दाबला.

काटा डावीकडे पडला.

तिने पाय काढला. पुन्हा दाबला. पुन्हा डावीकडे. पहिलं भोक, दुसरं, तिसरं, सगळे सूर सारखेच उतरलेले, कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही.

फौजदार भात्यावरच बसली. आता? ही बासरी नवेकाकांनी बिघडवली म्हणणं शक्यच नव्हतं. ती सकाळपासून तिच्या पोटाशी होती. मग कुणी? तिने वळून दाराकडे पाहिलं, आणि तिच्या मनात नको तो विचार आला. या खोलीत रोज कोण बसतं? यंत्र कुणाच्या हातात असतं? "नवा माणूस आल्यापासून" असं सगळ्यात आधी कोण म्हणालं?

मामा?

मामा, जो तिला खांद्यावर बसवून बाजार दाखवायचा? पण मामाला नवेकाका आवडत नव्हते, हे तर खरं. शेगडीजवळची जागा गेली म्हणून तो कितीदा कुरकुरला होता. संशयाला एकदा घरात घेतलं की तो ताटावर बसलेल्या माणसालाही ओळख देत नाही. तिने यंत्र उलटसुलट करून पाहिलं, मामाने आत काही केलंय का म्हणून. मग आईचा पोलादी सूरकाटा, ठोकला की एकच पक्का सूर देणारा, टेबलावर ठोकून यंत्राजवळ धरला. काटा बरोबर मधोमध. यंत्र खरं बोलत होतं.

यंत्र खरं. बासरीला कुणी हात लावलेला नाही. तरी सूर उतरलेला.

मग तिने जे केलं, ते त्या घरात कुणी केलं नसतं. दाराकडे एकदा पाहिलं, नळी काढली आणि तेल दिलेली बासरी सरळ तोंडात घातली.

काटा आधी डावीकडेच होता. ती फुंकत राहिली. आणि काटा, कुणी मागून ढकलावं तसा, हळूहळू सरकायला लागला. सरकत सरकत मधोमध येऊन थांबला.

तिने पुन्हा भाता जोडला. थोड्या वेळात काटा डावीकडे. पुन्हा तोंडाने. मधोमध.

बासरी तीच, भोकं तीच, यंत्र तेच. लाकूड? तिने गालाला लावून पाहिलं. स्वेटरमधली ऊब अजून होती. मग वेगळं काय? तिने भात्याची नळी गालाजवळ धरली आणि पाय दाबला. वारा गालाला झोंबला, फरशीवरून सरपटत येणाऱ्या वाऱ्यासारखा. मग तळहातावर स्वतः फुंकर घातली. कोमट.

भात्याचं हवा आत ओढायचं तोंड फरशीलगत होतं, मागच्या दाराच्या फटीजवळ. बाहेरची थंडी तिथूनच आत येत होती.

आई धावत आली ती फरफटण्याच्या आवाजाने. भाता शेगडीच्या बाजूला चालला होता आणि भात्यामागे फौजदार होती, लालबुंद झालेली.

"हे काय चालवलंयस? आणि ती बासरी ओली कशी… तोंडात घातलीस?"

"घातली. नंतर ओरड. आधी हे बघ."

"नंतर ओरड म्हणे! तू मला वेळ देणार?"

"आई, बघ ना गं!"

नवेकाकांचं टेबल रिकामं होतं. ते आपली हत्यारं आवरायला अंगणात गेले होते. तिने भात्याचं तोंड शेगडीकडे वळवलं, नळी जोडली आणि पाय दाबला. सूर सुरुवातीला खाली होता. मग शेगडीजवळची ऊब भात्यात भरली, नळीतून बासरीत शिरली, आणि काटा उठून मधोमध येऊन उभा राहिला.

"आता मागच्या खोलीत चल," फौजदार म्हणाली. पण आई जागची हलली नाही. मागच्या खोलीत काय होत होतं ते तिला कळून चुकलं होतं; ती खुर्ची ओढून काट्यासमोर बसली.

एवढ्यात मामा वखारीतून परतला. "भाता आपल्या जागी! कुणाचे उपकार?"

"बस," आई म्हणाली. "तू बासऱ्या शेकायचास ना?"

"रोज. हात भाजेपर्यंत."

"लाकूड शेकायचास. आणि वाजतं काय?"

"बासरी."

"बासरीत काय वाजतं?"

मामाचं तोंड उघडं राहिलं. त्याला ते कळत होतं, आईलाही कळत होतं, त्या खोलीत वाढलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पण आयुष्य लाकूड घासण्यात गेलं, की लाकूडच गातं असं वाटायला लागतं.

"हवा," मामा शेवटी म्हणाला.

"हवा. आपण लाकडाला पांघरूण घालत बसलो आणि आत बर्फासारखा वारा सोडत राहिलो. धक्का गार हवेत सावकाश पळतो. वाट तेवढीच, पण पळणारा मंद, मग फेऱ्या कमी. सूर उतरणारच. इतकी वर्षं भाता शेगडीपाशी होता, म्हणून कधी कळलं नाही." तिने कपाळाला हात लावला. "आणि मी त्या गार वाऱ्याच्या हिशेबाने चांगल्या बासऱ्या आखूड केल्या. पोरांच्या गरम फुंकरीने त्या चढल्या, यात नवल काय?"

"म्हणजे कुणीच काही केलं नाही," मामा म्हणाला. मग त्याने नवेकाकांच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं.

"एका भोकाला मेण लागलं असतं तर तेवढाच सूर घसरला असता," आई म्हणाली. "सगळे सूर सारखे उतरत होते. हे माझ्या कानांना पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. पण मी ऐकत नव्हते, चोर शोधत होते." ती फौजदारकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी हळू झाला. "तू म्हणालीस, मेण लावताना पाहिलंस."

फौजदारने शेगडीकडे पाहिलं. "हातात पाहिलं."

"आणि भोकाला लावताना?"

"…नाही पाहिलं."

आई उठली. "चल," ती म्हणाली. "मला त्यांची माफी मागायची आहे. पण तुझं तुलाच सांगावं लागेल, ते मी सांगणार नाही."

अंगणात नवेकाका हत्यारांच्या पेटीची कडी लावत होते. मामाही मागोमाग आला. आईने सगळं सांगितलं, भात्याचं, थंडीचं, काट्याचं. माफी मागितली. उद्या या म्हणाली. नवेकाकांनी ऐकून घेतलं, पण पेटीवरचा हात काढला नाही.

फौजदार पुढे झाली. "मेण तुमच्या हातात होतं. भोकाला लावताना मी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं म्हणून सांगितलं."

"का?"

"मला वाटलं, तसंच असणार."

"हं." नवेकाका पेटीवर बसले. "मी काय बघत होतो, सांगू? तुझी आई ती फुंकर जायची फट कापते ना, ती बघत होतो. तसली फट मला अजून जमत नाही. मेण हातात कायम असतं, बोटं मऊ राहतात. आता या वयात दुसऱ्याच्या कामात डोकावून शिकतोय, हे तोंडाने कसं सांगू? म्हणून असंच म्हणालो." त्यांनी आईकडे पाहिलं, मग मामाकडे. "आणि ताई, राग नका मानू. सकाळी मी चोर होतो, दुपारी हवा चोर झाली. शाळेचं काम अडलंय, हात कमी आहेत, तेव्हा ढकललं सगळं हवेवर. उद्या हवा बदलली की पुन्हा मी. मी कसा विश्वास ठेवू?"

मामा जमिनीकडे बघत होता. सकाळपासून त्या घरात जो तो दुसऱ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्याच नजरेने आता नवेकाका त्या तिघांकडे बघत होते, आणि ते चूक आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

फौजदार आत पळाली. यंत्र घेऊन आली, सूरकाटा घेऊन आली, दोन्ही नवेकाकांच्या मांडीवर ठेवली.

"आधी हे तपासा," ती म्हणाली. "मग बासरी तुम्हीच निवडा. मांडणीवरची कुठलीही. भाता तुम्हीच दाबा. शेगडीजवळ, मग मागच्या खोलीत, तुम्हाला हवं तिथं."

नवेकाकांनी सूरकाटा पेटीच्या कडेवर ठोकला, यंत्राजवळ धरला, काट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग उठले आणि एक शब्द न बोलता आत गेले. त्यांनी मांडणीच्या अगदी मागच्या रांगेतली बासरी काढली, फुंकर मारून भोकं पाहिली, आणि भात्यापाशी जाऊन उभे राहिले.

फौजदार त्यांच्या समोर आली, पण जवळ गेली नाही. शेगडीपासून, भात्यापासून, बासरीपासून चार पावलं लांब, त्यांना ती पुरती दिसेल अशा उजेडात, ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि दोन्ही तळहात उघडे करून त्यांच्या समोर धरले.

"आता दाबा," ती म्हणाली.